डोकेदुखीची गोळी जरा विचारून घ्या

संपादक महोदय,

डोकं दुखलं की आमच्या डिचोलीत लोक फार्मसीत जाऊन नुसती "डोकेदुखीची गोळी द्या" म्हणतात, कुठली ते कोण बघतच नाही. माझी आई वर्षभर जवळजवळ रोज घ्यायची आणि दुखणं उलट वाढतच गेलं, शेवटी डॉक्टरांनी सांगितलं की साधी पेनकिलरसुद्धा महिन्यात 15 दिवस किंवा जास्त, असं 3 महिन्यांवर घेतली तर गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. पॅरासिटामॉल तर बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांतपण असते, नकळत डबल डोस होतो नि लिव्हरला धोका. आणि पावसाळ्यात सोबत ताप असला तर आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन नकोच, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती. फार्मसीवाल्यांनी गोळी देताना एवढं तरी विचारावं हो, कळकळीची विनंती आहे.

– एक वाचक, डिचोली