सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर माहिती सांगणारेही हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ साली जाहीर झाला, तेव्हापासून जिल्ह्याच्या पर्यटनाची चर्चा रस्ते, विमानतळ, निवास व्यवस्था आणि अलीकडे जलक्रीडा यांच्याभोवतीच फिरत राहिली आहे. या गोष्टी हव्यात, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु विजयदुर्गपासून रेडीपर्यंतच्या किनाऱ्यावर पाहण्यासारखे जे आहे, ते आलेल्या माणसाला समजावून कोण सांगणार, हा प्रश्न या चर्चेत क्वचितच येतो. म्हणून हा पत्रप्रपंच.

विजयदुर्गचेच उदाहरण घेऊ. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात याच किल्ल्यावरून हेलियमचा शोध लागला, असे पर्यटकांना अभिमानाने सांगितले जाते, त्यासाठी ‘साहेबाचे ओटे’ दाखवले जातात आणि त्या तारखेला येथे हेलियम दिनही साजरा होतो. प्रत्यक्षात या शोधाशी ज्यांचे नाव जोडले जाते ते फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर जान्सेन त्या ग्रहणाच्या वेळी आंध्रातील गुंटूर येथे होते, आणि ज्यांचे नाव येथे घेतले जाते त्या इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी हेलियमची खूण ठरलेली सूर्यप्रकाशातील पिवळी रेषा त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधूनच नोंदवली होती. लॉकियर विजयदुर्गला आले हे मात्र अगदी खरे आहे. ते आले २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ‘मेल्पोमेनी’ या ब्रिटिश युद्धनौकेवरील खलाशांना हाताशी धरून त्यांनी येथे निरीक्षणांचा तळ उभारला होता. पृथ्वीवर हेलियम सापडल्याला तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. ते ओटे या १८९८ च्या मोहिमेशी जोडणे मला अधिक सयुक्तिक वाटते. मराठ्यांच्या आरमारी किल्ल्यावर युद्धनौकेचे खलाशी दुर्बिणी आणि वर्णपटमापक यंत्रे मांडून बसले आहेत, ही हकीकत प्रचलित कथेपेक्षा कोणत्याही अर्थाने उणी नाही. सहलीला आलेला एखादा विज्ञानाचा विद्यार्थी भ्रमणध्वनीवर दोन मिनिटांत खरे-खोटे करू शकतो, आणि एक गोष्ट खोटी निघाली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडतो.

त्या खऱ्या गोष्टी विजयदुर्गाच्या आसपास भरपूर आहेत. वाघोटन खाडीत खडक खोदून केलेली आरमाराची गोदी किल्ल्यापासून जवळच आहे, पण ती पाहून गेलेला पर्यटक विरळाच. गिर्ये येथील रामेश्वर मंदिराकडे उतरणारी, डोंगर फोडून केलेली वाट आणि तेथली संभाजी आंग्रे यांची समाधी यांचीही तीच गत आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचे आरमार याच खाडीत जळाले. पेशव्यांनी इंग्रजांच्या साथीने केलेल्या त्या मोहिमेचे पुढे काय परिणाम झाले, हा विषय बुरुजावर उभे राहून जितका कळेल तितका पुस्तकातून कळणार नाही. त्यासाठी बुरुजावर कोणीतरी सांगणारे असावे लागते.

मालवणात गर्दी अफाट आहे, त्यामुळे तेथे हा प्रश्न वेगळ्या रूपात दिसतो. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने ज्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, त्यांत मालवणचा सिंधुदुर्ग किल्ला आणि विजयदुर्ग हे दोन्ही आहेत. मालवण जेटीवरून होडीने किल्ल्यात जायचे, परतीच्या होडीकडे एक डोळा ठेवून शिवराजेश्वराचे दर्शन घ्यायचे, दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींच्या काठावर छायाचित्रे काढायची आणि परत फिरायचे, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. ज्या खडकाजवळ नोव्हेंबर १६६४ मध्ये किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा झाली, तो मोरयाचा धोंडा मालवणच्याच किनाऱ्यावर आहे. त्यावर कोरलेले गणपती, सूर्य आणि चंद्र पाहायला तिकीट लागत नाही आणि होडीही लागत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो कोणत्याही सहलीच्या यादीत नसतो. किल्ल्याभोवतीचा समुद्र हे १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य आहे, हे तर पाण्याखाली प्रवाळ पाहायला उतरणाऱ्या अनेकांना पाण्याबाहेर आल्यावरही ठाऊक नसते. आपण अभयारण्यात उतरतो आहोत, एवढे आधी सांगितले तरी प्रवाळावर पाय देणारे निम्मे पाय आपोआप आवरतील, असा माझा समज आहे.

पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जाते, ती पाहण्याची सोय आजही तारकर्ली-देवबागपासून अनेक गावांत आहे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरच्या दोन रांगा ओढत असतात. दोर खांद्याला आणि कमरेला घासून लाल वळ उठतात, रांगा हळूहळू एकमेकींकडे सरकतात आणि जाळे वाळूला लागले की तारली, पेडवे, बांगडे यांची तडफड सुरू होते. मग वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, असा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. पर्ससीन (यांत्रिक नौकांनी टाकलेली मोठी घेरजाळी) आणि प्रखर दिव्यांच्या मासेमारीविरुद्ध रापणकर वर्षानुवर्षे का भांडत आहेत, हेही त्या वाट्यांच्या आकारावरून पाहुण्याला कळेल, पण त्याच वेळी तो पाण्यावर केळ्याच्या आकाराच्या फुगीर होडीत बसलेला असतो. (त्या होडीशी माझे वैर नाही, मुलांना ती आवडते.)

दशावताराचेही असेच आहे. कार्तिकानंतर गावोगावच्या जत्रा सुरू होतात, पालखी फिरून झाली की मध्यरात्रीच्या सुमारास हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या साथीने नाटक उभे राहते आणि लिखित संहितेशिवाय, संवाद तिथल्या तिथे रचत, पहाटेपर्यंत चालते. त्याच गावातल्या निवासात पुण्या-मुंबईची मंडळी झोपलेली असतात, कारण आज जत्रा आहे हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मालवण तालुक्यातील कुडोपीच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आहेत. सड्यावर नेमके कुठे पाऊल ठेवायचे नाही, हे सांगणारा माणूस बरोबर नसेल तर तेथे पर्यटक न गेलेलेच बरे.

हे सारे होऊ शकते याचा दाखला शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावाने दिला आहे. समुद्री कासवाची पिल्ले घरट्यापासून पाण्यापर्यंत जातात तो खेळ काही मिनिटांचा असतो. पण चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि ग्रामस्थांनी मिळून ती काही मिनिटे समजावून सांगण्याची व्यवस्था उभी केली, म्हणून लोक गावातील घरांत मुक्काम करतात, घरचे जेवतात आणि पहाटे शिस्तीने दोरीमागे उभे राहतात. पूर्वी ज्या अंड्यांची चोरी होत असे, तीच आज गावाला राखावीशी वाटतात.

म्हणून पर्यटन विभागास आणि जिल्हा प्रशासनास विनंती अशी की, जलक्रीडेच्या पुढच्या प्रकल्पाआधी गावागावांतील तरुण-तरुणींना, विशेषतः मच्छीमार कुटुंबांतील मुलांना, इतिहास आणि सागरी जीवन यांचे रीतसर प्रशिक्षण देऊन ठरावीक दराने वाटाडे म्हणून परवाने द्यावेत. जत्रा आणि दशावतारी प्रयोग यांची दिनदर्शिका दर हंगामाच्या आरंभी प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक निवासस्थानी त्या दिवसाची भरती-ओहोटीची वेळ दर्शनी भागात लिहिणे बंधनकारक करावे; पोहण्यासाठी कुठे उतरू नये हे स्थानिकांना पाठ असते, पण दुर्घटना बहुतेक वेळा बाहेरून आलेल्यांच्या होतात. शेवटची विनंती विजयदुर्गच्या आयोजकांना आहे. येत्या हेलियम दिनाच्या कार्यक्रमात गुंटूरचे आणि १८९८ च्या मोहिमेचे नाव घेतले जावे, आणि लॉकियर यांच्या त्या तळाची माहिती मराठीत लिहून ओट्यांशेजारी लावली जावी.

आपला,
एक वाचक, देवगड