दिवा मालवण्याआधी

प्रिय मनू,

निघताना आपण नीट बोललोच नाही. तुझ्या रूममेटला मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं, याचा तुला राग आला. "माझे कान आहेत, मी सांगेन," म्हणालीस. बरोबर होतं तुझं. तुला न विचारता बोलायला नको होतं. पण रात्री कानाचं मशीन काढलंस की कुणी दार बडवलं तरी तुला कळत नाही, आणि आता पलीकडच्या खोलीत मी नाही. डोक्यात एवढंच होतं.

असो. त्यावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलेय.

मशीन कोरडं ठेवायचा ड्राय बॉक्स कपाटात कोंबू नकोस, डोळ्यांसमोर ठेव. जास्तीचे सेल कायम पिशवीत असू देत. वर्गात पंख्याखाली बसू नकोस. कुणी फळ्याकडे तोंड करून शिकवत असेल तर हात वर कर, समजलं नसताना मान डोलावू नकोस. कधी एमआरआय करायची वेळ आली तर ऐकू येण्यासाठी कानामागे आत बसवलेल्या इम्प्लांटचं चुंबक आहे हे सगळ्यात आधी सांग. उशीखालचं थरथरणारं घड्याळ गजरापुरतं ठीक आहे, पण रात्री आग लागली तर? धुराच्या अलार्मला लुकलुकणारा दिवा आहे का, वसतिगृहात विचार. मी विचारणार नाही. तूच विचार.

बघ, पुन्हा तेच. 18 वर्षांच्या मुलीला काय हे! रागावू नकोस.

आज सकाळपासून मला तुझा 'स' आठवतोय. आ, ई, ऊ, म, श, स. रोज मशीन लावलं की मी तोंडापुढे पुठ्ठा धरून हे सहा आवाज काढायची. तू ठोकळा गालाशी धरून बसायचीस आणि ऐकू आलं की टोपलीत टाकायचीस. 'स'ला ठोकळा गालाशीच राहायचा. फार वरच्या पट्टीतला आवाज तो, हिअरिंग एडमधून तुझ्यापर्यंत कधी पोचलाच नव्हता. पाऊस म्हणजे तुझा 'पाऊ'. इम्प्लांटनंतरही मॅपिंगच्या, म्हणजे मशीनचे आवाज तुला जुळवून घेण्याच्या, पहिल्या दोन-तीन खेपा तशाच गेल्या. मग एके दिवशी मी 'स' म्हटलं आणि टोपलीत टक्क आवाज झाला. वाटलं, हातातून निसटला असेल. पुन्हा म्हटलं, पुन्हा टक्क. बाबा अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर आले आणि तुझ्या पाठीमागे उभं राहून 'स' म्हणाले. तू वळून त्यांच्या तोंडावरच्या साबणाकडे बघत बसलीस.

परवा फोनवर एका अनोळखी माणसाशी बिलावरून भांडलीस, तेव्हा मी दाराआड उभी होते. त्याला काहीच कळलं नाही याचा मला केवढा आनंद झाला! हेही तुला आवडणार नाही, पण खरं ते लिहिते.

आणि आणखी एक. तेव्हा आम्हाला सांगितलं होतं, खुणा करू दिल्यात तर मूल बोलणार नाही. मी ते मनावर घेतलं. तू पाण्याकडे बोट दाखवलंस की मी तुझे हात धरून ठेवायची, "आधी बोल" म्हणायची. प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात. तू 'माणी' म्हणायचीस आणि मी तहानलेल्या लेकराकडून दहादा म्हणवून घ्यायची. तुझे ते धरलेले हात आता माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. मला माफ कर.

तू खुणांची भाषा शिकायला लागलीस तेव्हा मी म्हटलं होतं, "इतकं छान बोलतेस, आता हे कशाला?" ते मी मागे घेते. मशीन काढल्यावर तुझ्याशी बोलायला माझ्याकडे कधी एक शब्दही नव्हता. रूममेटला सांगत सुटले ते त्यामुळेच, आता कळतंय.

रविवारी व्हिडिओ कॉल कर, आणि मशीन काढूनच कर. "दिवा मालवू का?" ही खूण मला आधी शिकव. लहानपणी ते मला कधी विचारताच आलं नाही. मी तशीच बटण बंद करायची आणि तू अंधारात दचकून माझा पदर धरायचीस.

तुझी,
आई