माइक जरा बंद ठेवा

संपादक महोदय,

बायबलमधल्या १३६ व्या स्तोत्रात २६ वचने आहेत आणि प्रत्येकाचा शेवट एकच: ‘त्याची दया सनातन आहे.’ एकाने म्हणावे, बाकीच्यांनी साथ द्यावी, अशीच त्याची रचना. हल्ली मात्र चर्चमध्ये गायकवृंद माइकवर गातो आणि मंडळी पडद्यावरचे शब्द बघत गप्प उभी असते. शेजारच्याचा सूरही कानी पडत नाही (बेसूर असला तरी तो हवाच!). प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, ‘युखरिस्त’ म्हणतात, त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती. ती सगळ्यांनी करायची की चौघांनी?

गेल्या रविवारी ऐन उपासनेत वीज गेली. मागच्या बाकावरच्या आजींनी थरथरत्या आवाजात ध्रुवपद उचलले, आणि बघता बघता सगळेच गाऊ लागले. निदान एक गीत तरी माइकशिवाय होऊ द्या.

– एक वाचक