सोनू, संत्र्याच्या चिरोट्यांचं सगळं लिहून पाठवतोय

रामबाग, इंदूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद,

परवा तू फोनवर म्हणालीस की संक्रांतीला ऑफिसातल्या मैत्रिणींना तिळगुळाबरोबर घरचं काहीतरी द्यायचंय, आणि ते छेना, म्हणजे दूध फाडून काढलेला मऊ दाणा, भरलेले संत्र्याचे चिरोटे कसे करायचे ते सांग, मी सांगायला लागलो तोवर तुझी मीटिंग सुरू झाली. तसंही ते फोनवर सांगून होण्यासारखं नाहीये म्हणून सगळं लिहून काढतोय, लांबेल थोडं, पण सबंध वाच, नुसतं प्रमाण बघून सुरू करू नकोस. या पदार्थात सगळा खेळ पाण्याचा आहे. छेन्यात पाणी, संत्र्यात पाणी, साखर पडली की अजून पाणी सुटतं, आणि बाहेरच्या पदरांना तर पाण्याचा थेंब चालत नाही. एवढं सांभाळलंस की बाकी हाताला आपोआप येतं, तुझा हात तसाही आजीवर गेलाय.

आधी हे सांगतो की हा पदार्थ मुळात इटलीतला, नेपल्सच्या बाजूचा, तिथे त्याला स्फोल्यातेल्ला म्हणतात. अमाल्फीच्या किनाऱ्यावर कोंका देई मारिनी नावाचं गाव आहे, तिथल्या सांता रोझा मठातल्या नन्स तो करायच्या असं सांगतात, आणि मग १८१८ साली पास्क्वाले पिंतावरो या माणसाने नेपल्समध्ये आपल्या दुकानात तो विकायला सुरुवात केली. आत रिकोटा नावाचं मऊ चीज, शिजवलेला रवा, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल आणि दालचिनी. आणि बाहेरचं ऐकलंस तर तुला आजीचं स्वयंपाकघर आठवेल, कारण ते लोक कणीक कागदासारखी पातळ लाटतात, तिच्यावर चरबी फासतात, घट्ट गुंडाळी करतात, काप काढतात, आणि कापाच्या मध्ये अंगठा घालून तो हळूहळू शंकूसारखा उघडत नेतात म्हणजे पदर एकावर एक सरकून सुटे होतात. दिवाळीला आजी साटा, म्हणजे तूप-पिठाचा फेसलेला लेप, लावून गुंडाळी करून चिरोटे कापायची ते हेच की गं! म्हणून मी त्यांची चरबी काढून आपला साटा घेतला आणि सारण त्यांचंच ठेवलं. शंकू करायच्या भानगडीत तू पडू नकोस, त्याला पीठ फार ताणावं लागतं, करंजीचा आकार छान होतो.

आता छेना. मुद्दाम छेना म्हणतोय, पनीर नाही. पनीर दाबून घट्ट केलेलं असतं, किसलं तरी जिभेला रवाळ लागतं. चक्का वापरू का असंही तू विचारशील कारण श्रीखंडाचा चक्का तुला छान जमतो, पण तो आंबट, आणि ओव्हनमध्ये तापला की फाटतो आणि पाणी सोडतो, मग खालचा पदर गिच्च. डब्यातलं चीज स्प्रेड तर नकोच, खारट असतं आणि संत्र्याचा वास मारून टाकतं. तिकडची रिकोटा म्हणजे चीज करून जे पाणी उरतं ते परत तापवून त्यातून काढलेला मऊ दाणा, आपण घरी अख्ख्या दुधाचा करतो, तंतोतंत तसा होत नाही पण जवळपास पोचतो.

एक लिटर फुल क्रीम दूध घे, पिशवीचं. टेट्रापॅकचं घेऊ नकोस, ते फार जास्त तापमानाला तापवलेलं असतं त्यामुळे दाणा नीट धरत नाही, चुरा होतो. जाड बुडाच्या पातेल्यात चिमूटभर मीठ घालून तापत ठेव आणि खळखळून उकळू देऊ नकोस, कडेला बारीक बुडबुडे यायला लागले आणि वाफ दिसली की गॅस बारीक कर, थर्मामीटर असेल तर ८५ अंशाच्या आसपास. मग दोन मोठे चमचे लिंबाचा रस, एकदम नाही, बाजूबाजूने सोडायचा, आणि पळी अगदी हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून हात काढून घ्यायचा. इथेच सगळे घाई करतात. ढवळत बसलं की दाणा तुटतो आणि कडक होतो. झाकून दहा मिनिटं तसंच ठेव, झाकण काढशील तेव्हा वर पांढरे मऊ ढगळ गठ्ठे आणि खाली हिरवट पिवळं स्वच्छ पाणी दिसलं पाहिजे. पाणी अजून दुधाळ असेल तर अर्धा चमचा रस अजून घाल. मग मलमलच्या फडक्यात ओत आणि टांगून ठेव, पिळू नकोस, वर वजनही ठेवू नकोस, तासाभराने फडकं उघडून बोटाने दाबून बघ, बोटाला ओल लागली पण थेंब गळला नाही म्हणजे झालं. साधारण २०० ग्रॅम निघतो, म्हशीचं दूध असेल तर थोडा जास्त. निवळ फेकू नकोस, त्यात पोळ्यांची कणीक भिजव, पोळ्या मऊ राहतात.

संत्र्याचं जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळा जीव त्यात आहे. आत्ता इथे चोइथराम मंडीत संत्र्यांचे ढीग लागलेत, आगर आणि शाजापूरकडचा माल येतो, सकाळी गेलं की गेटपासूनच वास येतो. आंबिया बहाराचं संत्रं हेच, थंडीतलं. तिकडे बंगलोरला तुला नागपूरचं मिळेल, कूर्गचंही मिळेल, कुठलंही चालेल, पण निवडताना खायला जे घेतो ते घेऊ नकोस. खायला आपण साल सुटलेलं, ढिलं, हातात पोकळ लागणारं घेतो, किसायला ते उपयोगाचं नाही, किसणीखाली साल आत दबते आणि सुरकुतते, मग किसच पडत नाही. अंगासरशी साल असलेलं ताजं, घट्ट फळ घे. किन्नू असेल तर त्याची साल चकचकीत असते कारण वर बऱ्याचदा मेण लावलेलं असतं, कोमट पाण्याने चोळून धुवून कोरडं पूस.

दोन संत्री अख्खीच असताना सर्वात बारीक किसणीवर किस. फक्त नारिंगी भाग, खालचं पांढरं दिसायला लागलं की फळ फिरव, पांढरं आलं की कडू. मग हा किस आणि पाऊण वाटी पिठीसाखर ताटात घे आणि बोटांच्या टोकांनी दोन-तीन मिनिटं चोळ. सालीतलं तेल साखरेत उतरतं, साखर हळूहळू फिकट नारिंगी आणि किंचित ओलसर होते आणि घरभर वास सुटतो. हे करताना तू फोन बाजूला ठेव आणि वास घे, खरंच सांगतो, दिवसभराचा शीण जातो. रस मात्र सारणात अजिबात घालायचा नाही, रसात पाणी आहे आणि भट्टीत त्याचा वासही टिकत नाही, टिकतो तो सालीतल्या तेलाचा. दोन्ही संत्री तू खाऊन टाक.

सारणात दाताखाली यायला सालीचे मुरवलेले तुकडेही हवेत. त्याला मोसंबीची साल चांगली, जाड असते. बारीक उभे तुकडे करून पाण्यात पाच मिनिटं उकळ, पाणी फेक, असं तीन वेळा, म्हणजे कडूपणा उतरतो. मग जेवढे तुकडे तेवढीच साखर आणि थोडं पाणी घालून मंद गॅसवर ठेव, तुकडे काचेसारखे पारदर्शक दिसायला लागले की जाळीवर काढून वाळव. बरणीत महिनाभर राहतात, तेव्हा आधीच्या रविवारी करून ठेव म्हणजे त्या दिवशी दमायला होणार नाही.

पाव वाटी बारीक रवा पाऊण वाटी दुधात शिजव, गोळा पातेल्याची कड सोडायला लागेपर्यंत, आणि पूर्ण गार कर. हा रवा सारणातलं उरलंसुरलं पाणी धरून ठेवतो, म्हणून तो वगळू नकोस. गार झाला की हाताने मोडून छेन्यात मळ, गुठळी राहू देऊ नकोस, मग सालीचे तुकडे दोन चमचे आणि दालचिनीची पूड पाव चमचा. वेलची नको. मला माहितीये आपल्याकडे गोड म्हटलं की हात वेलचीकडेच जातो, पण वेलची आणि जायफळ संत्र्याला झाकून टाकतात, दालचिनी त्याला पुढे आणते. तुझ्या आईने सियागंजातून आणलेली दालचिनी पाठवतोय, ती पातळ सालीची आहे, घरीच कुटून घे. आणि ती वास लावलेली साखर अगदी भरायच्या आधी मिसळायची, तासभर आधी मिसळलीस तर सारण सैल पडेल.

पारीला दोन वाट्या मैदा, दोन चमचे तुपाचं गरम मोहन, चिमूटभर मीठ, आणि गार पाणी घालून पुरीपेक्षा थोडं सैल भिजव, अर्धा तास झाकून ठेव. साट्याला चार चमचे घट्ट तूप आणि तीन चमचे कॉर्नफ्लॉअर, ताटात तळहाताने पांढरं आणि हलकं होईपर्यंत फेसायचं, पाण्यात टाकलेली गोळी तरंगली पाहिजे, आजी अशीच बघायची. तूप पातळ असेल तर आधी फ्रिजमध्ये ठेव, इथे डिसेंबरात ओट्यावरच गोठतं, तिकडे नाही गोठणार. तीन पोळ्या पातळ लाट, एकीवर साटा लाव, दुसरी ठेव, परत साटा, तिसरी, वर साटा, आणि घट्ट गुंडाळी, मध्ये हवा राहता कामा नये. गुंडाळी फ्रिजमध्ये अर्धा तास, मग इंचभराचे काप. पंधरा-सोळा होतात.

प्रत्येक काप आडवा ठेव, गोल वळसे वर दिसले पाहिजेत, तळहाताने दाब आणि लाटणं मधून बाहेर फिरवत पुरीएवढा लाट. कडा पातळ, मध्य किंचित जाड. वळसे दिसतात ती बाजू खाली राहील असं बघ म्हणजे घडी घातल्यावर ते बाहेर येतात. मोठा चमचाभर सारण, कडेला बोटाने अगदी थोडं दूध, घडी घालून हवा काढून दाब आणि मुरड घाल. मुरड नाही आली तर काट्याने दाब, काही बिघडत नाही. जास्त भरू नकोस, सारण फुगतं आणि तोंड उघडतं.

ओटीजी, म्हणजे तुझा छोटा ओव्हन, २०० अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापव, पूर्ण तापल्याशिवाय ट्रे आत घालू नकोस. ओव्हन गार असेल तर पदर उभे राहायच्या आधीच तूप वितळून ट्रेमध्ये वाहून जातं. मधल्या कप्प्यात २० ते २५ मिनिटं, तुझा ओटीजी नवीन आहे तर विसाव्या मिनिटाला काचेतून बघ, पदर सुटे होऊन कडा गडद सोनेरी दिसल्या पाहिजेत, फिकट काढलेस तर आतून कच्चे राहतात. काढले की लगेच जाळीवर. गरम असताना डब्यात घालायचे नाहीत, वाफेने तासाभरात मऊ पडतात. वरून पिठीसाखर देताना भुरभुरव.

मैत्रिणींना नेण्याबद्दल. आत ताजा छेना आहे म्हणून दिवसभर बाहेर ठेवू नकोस, सकाळी भाजून दुपारच्या चहाला देऊन मोकळी हो, उरले तर फ्रिजमध्ये दोन दिवस, खाताना परत पाच मिनिटं ओव्हनला. पण तुला सकाळी सगळं जमणार नाही हे मला दिसतंय, साडेआठला निघतेस. म्हणून रविवारी भरून, कच्चेच ट्रेवर सुटे सुटे फ्रीझरमध्ये कडक कर, मग पिशवीत घाल. संक्रांतीच्या सकाळी उठल्या उठल्या ओव्हन लाव आणि गोठलेलेच आत घाल, पाच-सात मिनिटं जास्त लागतील, तेवढ्यात तुझी आंघोळ होईल. वितळवत बसू नकोस, वितळले की ओले होतात.

आणि बेटा, हे सगळं एकटीने ओट्याशी उभं राहून रात्री बारापर्यंत करायचं नाही. तुझ्या रूममेटला लाटायला बसव. तू हल्ली जेवण टाळतेस, बाहेरचं मागवून डब्यातूनच खातेस, तुझ्या आईने मला सांगितलंय, आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. घरात चार जणींसाठी काही करायला घेतलंस हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की तुझी मीटिंग संपायची वाट बघत मी त्याच दुपारी हे लिहायला घेतलं.

आत्याच्या सासरचे लोक दहा तारखेला इथून निघतायत, त्यांच्याबरोबर मलमलचं फडकं, दालचिनी, मोसंबीच्या सालीची बरणी आणि आजीची बारीक किसणी पाठवतोय, किसणी धुतल्यावर लगेच पूस नाहीतर गंजेल. बरणी पोचतेच आहे तेव्हा साल मुरवायचं काम या वेळी तुला नाही. पहिली खेप निघाली की एक चिरोटा मधून काप आणि कापलेल्या बाजूचा फोटो पाठव, वरून काढलेला नको, सारण कोरडं आहे की ओलं ते मला त्यावरून कळेल, म्हणजे पुढच्या ट्रेच्या आधी काय बदलायचं ते लगेच सांगता येईल. मी त्या दिवशी फोन हातातच ठेवतो.

तुझा,
बाबा