खुंट काढल्याशिवाय तिथे रोप लावू नकोस

इपोह, पेराक
मलेशिया

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. पाटाकडचा माड गेला आणि त्याच आळ्यात याच पावसात बाणवलीचं नवं रोप घालायचं म्हणतोस. थांब जरा. आधी हे वाच, मग कुदळ उचल.

काकांनी सोंड्या भुंगा ठरवून टाकलाय, कारण चीक त्यातही गळतो. पण सोंड्या असला की खोडाला भोकं दिसतात, भोकातून चघळलेला चोथा बाहेर येतो, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाजसुद्धा येतो. तुझ्या फोटोत भोक एकही नाही. तांबूस-तपकिरी चीक अगदी बुडापासून फुटून वर वर चढत गेलाय, खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडालगत लोंबतायत, आणि पालापाचोळ्यातून ती लालसर, चकचकीत, पांढऱ्या कडेची अळंबी डोकावतेय. ती काढून फेकलीस म्हणतोस. अरे, ती नुसती फळं. झाड आतून खाणारी बुरशी बुंध्यात आणि मुळांत पसरलेली आहे. गॅनोडर्मा म्हणतात तिला. आपल्याकडे तिचं नाव झालं ते तंजावरमुळे. १९५२ च्या चक्रीवादळानंतर तिथल्या माडांत हा रोग दिसला, म्हणून अजूनही जुने लोक त्याला तंजावर मर म्हणतात.

इथे माझं रोजचं काम तिच्या सख्ख्या बहिणीशी आहे. गॅनोडर्मा बोनिनेन्स, ऑइल पामची, म्हणजे पामतेलाच्या झाडाची वैरीण. ऑइल पाम मूळचा आफ्रिकेतला. १८४८ साली त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या बागेत आली, आणि मलायात पहिला व्यापारी मळा सेलांगोरला तेन्नामारामला १९१७ साली उभा राहिला. बुंधाकुजीची इथली नोंद १९३१ ची, पण तेव्हा कोणी फारसं मनावर घेतलं नाही. म्हातारी, नाहीतरी तोडायलाच आलेली झाडं मरायची, त्याचं कोण दुःख करणार? खरी गंमत पुढे झाली. जुनी नारळाची आगरं तोडून लोकांनी त्याच जमिनीत ऑइल पाम लावले, आणि दहा-बारा वर्षांची, काही ठिकाणी तर चार-पाच वर्षांचीच झाडं लोळायला लागली. इथला नारळ जिवंतपणी या बुरशीने फारसा आजारी पडत नसे. पण तोडल्यावर त्याचे खुंट जमिनीतच राहिले, बुरशीने त्यांत घर केलं, आणि शेजारच्या कोवळ्या झाडाची मुळं त्या खुंटाला लागली की ती सरळ त्यांत शिरली. एका मळ्याचं आयुष्य साधारण पंचवीस वर्षांचं धरतात. त्याच्या निम्म्यातच वाईट जमिनीवर ऐंशी टक्क्यांपर्यंत झाडं गेल्याच्या नोंदी आहेत.

मला यात सगळ्यात क्रूर वाटतं ते हे की झाड सांगतच नाही. कोंब उघडत नाहीत, न उघडलेल्या पानांच्या दोन-तीन सुया एकदम उभ्या राहतात, मग खालची पानं खाली पडतात. आणि हे दिसेपर्यंत बुंध्याचा निम्मा भाग आत कुजलेला असतो. आंबा-फणसाला साल आहे, सालीखाली वाढणारा थर आहे, जखम झाली तर तो कडेकडेने भरून आणतो. माडाला तो थरच नाही. एकदा कुजलं की तेवढं गेलंच. त्यात या बुरश्या लाकडातला सगळ्यात चिवट भाग, लिग्निन, तोसुद्धा खाऊ शकतात. म्हणून कुजलेला बुंधा फोडलास तर फिकट, भुसभुशीत दिसेल.

आता गंमत बघ, इथल्या चिनी औषधांच्या दुकानांत याच जातकुळीतली वाळलेली अळंबी लिंगझी म्हणून चांगल्या भावाने विकतात. मळ्यात तीच दिसली की मॅनेजरची झोप उडते!

खुंटाचं हे दुखणं फक्त माडाचं नाही. रबरात पांढरी मूळकुज आहे, वनस्पतिशास्त्रज्ञ रिडली साहेबांनी १९०४ मध्ये सिंगापूरच्या बागेत ती नोंदवली. तीही तोडलेल्या जंगली झाडांच्या बुडख्यांवरून धाग्यांनी सरकत येते. आफ्रिकेत, आजच्या मलावीत, चहावाल्यांनी १९३० च्या दशकात अशाच एका मूळकुजीवर नामी युक्ती काढली. झाड तोडण्याआधी त्याच्या सालीचं कडं काढून ठेवायचं. पानांतलं अन्न मुळांत उतरत नाही, मुळांतला साठा संपतो, आणि झाड पडतं तेव्हा बुरशीला खायला फारसं काही उरत नाही. माडावर ही युक्ती चालत नाही, त्याला तशी सालच नाही. त्यामुळे आपल्या हाती राहते ती कुदळ.

तर मुद्द्याचं. मेलेला माड तोडून भागणार नाही. बुंध्याचा गड्डा आणि जितकी मुळं हाताला लागतील तितकी खणून बाहेर काढ आणि जाळ. शेजारच्या माडांपासून तोडायला मध्ये चर मार, दोन फूट खोल, फूटभर रुंद. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तुझा पाट. तो आजारी माडाच्या आळ्यातून पुढच्या आळ्यात आणि तिथून पोफळींत जातो, बरोबर? ते पाणी आधी तोड. कर्नाटकात पोफळींनाही हाच रोग होतो, आणि तुझी अर्धी वाडी पोफळीची आहे. उरलेल्या माडांना वर्षाला पाच किलो निंबोळी पेंड दे, तिच्यात ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी मुरवून. आळ्यात मोरचूद-चुन्याचं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण झाडामागे चाळीस लिटर ओतायचीही शिफारस आहे, पण एकाच वेळी दोन्ही करू नकोस, मोरचूद ट्रायकोडर्मालाही सोडत नाही. मधल्या जागेत केळी लाव. शिफारशीत तीही आहे, आणि केळीचं उत्पन्न तरी हातात येईल.

औषध मारून माड बरा होईल, असं कोणी दुकानदार छातीठोक सांगेल. बाटली घेऊ नकोस. लवकर लक्षात आलं तर रोग रेंगाळवता येतो, एवढंच. आम्हीही इथे आजारी झाडाच्या बुडाशी मातीची भर घालतो, त्यावर ते आणखी काही वर्षं घड देतं.

खुंट काढूनही पूर्ण सुटका होईल, असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एकाच मळ्यातल्या शेजारी-शेजारी मेलेल्या झाडांतली बुरशी तपासली तर ती बऱ्याचदा वेगवेगळ्या वंशाची निघते. म्हणजे ती फक्त मुळांवाटे येत नाही, हवेतल्या बीजाणूंवाटेही येते. यावर इथे अजून वाद चालतात. माझं मत विचारशील तर बीजाणूलाही रुजायला मेलेलं, ताजं कापलेलं लाकूड लागतं, म्हणजे पुन्हा खुंटच. हवा आपल्या हातात नाही, खुंट आहे.

काकांना पटणार नाही. त्यांना भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात घेऊन जा, बुंध्याचा तुकडा पिशवीत घालून. माझ्या पत्रापेक्षा तिथल्या माणसाचं ते ऐकतील. आणि जाताना त्या आळ्याच्या दोन्ही बाजूंच्या माडांचे बुंधे काठीने ठोकून बघ, आवाज पोकळ येतो का. आला तर मला लगेच फोन कर, पत्र लिहीत बसू नकोस.

वहिनींना नमस्कार. पोरीचा दहावीचा निकाल अजून कळवला नाहीस.

तुझा,
शरद