सफरचंदाचा केक आणि 'दोन कप मैदा'

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

काही आठवड्यांपूर्वी आपल्या रविवारच्या पुरवणीत घरी करायच्या पारंपरिक सफरचंद केकची कृती आली होती. ती समोर ठेवून मी हा केक दोनदा केला आणि दोन्ही वेळा तो मधोमध गिच्च राहिला. कृतीत 'दोन कप मैदा, एक कप साखर, दोन अंडी, दोन सफरचंदे' अशी मुख्य जिन्नसांची मापे दिली होती.

घोळ कपाचा होता, हे वजनकाटा काढल्यावर कळले. परदेशी कृतींमधील कप साधारण २४० मिलिलिटरचा असतो आणि त्यात सव्वाशे ग्रॅमच्या आसपास मैदा मावतो; आमच्या घरातील चहाचा कप भरला जेमतेम दीडशे मिलिलिटरचा. सगळेच जिन्नस त्या कपाने मोजले असते, तर केक लहान झाला असता, पण बिघडला नसता. अंडी आणि सफरचंदे मात्र आपण नगावर मोजतो, त्यामुळे अडीचशे ग्रॅमऐवजी दीडशेच ग्रॅम पडलेल्या मैद्याला दोन अंडी आणि पाव किलोहून अधिक फोडींचे पाणी सोसावे लागले. सफरचंदात पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच असते.

'सफरचंद' एवढा मोघम उल्लेखही पुरत नाही. इंग्लंडमधील डॉर्सेट परगण्याचा असा केक प्रसिद्ध आहे. तिकडे अशा पदार्थांसाठी ब्रॅम्ली नावाचे, कच्चे खाववणार नाही इतके आंबट सफरचंद वापरतात आणि लोणी-साखरेला त्या आंबटपणाचाच उतारा मिळतो. आपल्या कपिलतीर्थ मंडईत बहुतेक वेळा मिळते ते हिमाचल-काश्मीरचे लालबुंद डेलिशियस. ही जात मूळची अमेरिकेची असून सॅम्युएल स्टोक्स यांनी ती १९१६ च्या सुमारास शिमल्याकडील कोटगड भागात रुजवली. हे फळ खायला गोड आहे, पण त्यात आंबटपणा बेताचाच, आणि फार दिवस शीतगृहात राहिले की ते पिठूळ होते. ग्रॅनी स्मिथ हे हिरवे, आंबट सफरचंद रोजच्या खर्चात बसत नाही, म्हणून मी लाल फोडींनाच अर्ध्या लिंबाचा रस चोळला. त्याने फोडी काळ्याही पडल्या नाहीत.

तिसऱ्या खेपेला अडीचशे ग्रॅम मैदा आणि दोन लहान चमचे बेकिंग पावडर एकत्र चाळून, त्यात सव्वाशे ग्रॅम लोणी नानकटाईचे मोहन चोळतो तसे चोळले. मग दीडशे ग्रॅम साखर, दालचिनी, दोन अंडी, अडीचशे ग्रॅम सोललेल्या फोडी आणि लागेल तेवढे दूध घातले. सात इंची डब्यात १८० अंशांवर पन्नास मिनिटांत केक उतरला. (आपल्या कृतीत बेकिंग पावडरऐवजी तेवढाच खायचा सोडा छापला होता. सोडा पावडरीच्या साधारण तिप्पट जोरकस असल्याने पहिल्या केकला साबणासारखी चव आली, तीही या निमित्ताने नोंदवते.) जाऊबाईंनी साखरेऐवजी गूळ घालून पाहिला. रंग सुरेख आला, पण चव काकवीकडे झुकली आणि सफरचंद कुठल्या कुठे गेले; कोल्हापूरकर असूनही या एका पदार्थात मी साखरेच्या बाजूची आहे.

केक झाला की नाही हे पाहण्यासाठी विणकामाची सुई खुपसतात, तीही इथे फसवते. सुई फोडीतून गेली तर ओलीच निघते आणि आपण केक उगाच आणखी भाजत बसतो, म्हणून ती दोन-तीन ठिकाणी घालून पाहावी. आपल्या कृतीत याचाही उल्लेख नव्हता.

आपल्या वाचकांपैकी अनेकांकडे ओव्हन नाही; माझ्या सासूबाई आजही कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाशी वाळू पसरतात आणि त्यावर केक भाजतात. तेव्हा यापुढे अशा कृती छापताना जिन्नस ग्रॅममध्ये द्यावेत, डब्याचे माप आणि फळाची जात लिहावी, आणि वाळूवर भाजायचे झाल्यास किती वेळ लागेल तेही सांगावे, ही विनंती. जागेची अडचण असल्यास केकचे छायाचित्र थोडे लहान करता येईल.

कळावे,
आपली एक वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर