पित्तनलिकेचा कर्करोग आणि आमच्या पेशी

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमच्या मित्रांना पित्तनलिकेचा कर्करोग झाल्याचे कळल्यापासून ‘तुमच्या प्रयोगशाळेतल्या पेशी काकांना देता येतील का’ असे तुम्ही विचारत आहात आणि मी फोनवर दर वेळी अर्धेच उत्तर देते. पूर्ण उत्तर लिहूनच देता येईल.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) वेगळ्या काढतात आणि निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवे जनुक घालतात. त्यामुळे कर्कपेशीवरचे एक ठरावीक प्रथिन ओळखणारा रिसेप्टर त्यांच्या पृष्ठभागावर तयार होतो. मग या पेशींची संख्या वाढवून त्या शिरेतून परत देतात. रक्ताच्या कर्करोगासाठी अशा ‘कार-टी’ पेशींना अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. तिथले लक्ष्य होते बी पेशींवरचे (प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवरचे) सीडी१९ हे प्रथिन. त्यात निरोगी बी पेशीही मरतात, पण त्यांच्यावाचून माणसाला सांभाळता येते. पित्तनलिकेच्या बाबतीत ही सवलत नाही.

आई, तू मागे म्हणालीस की पेशी कर्करोगाला मारताना दिसल्या म्हणजे काम झाले. खरे तर मारणे हा आमच्या चाचणीतला सोपा भाग आहे. काचेच्या बशीत बऱ्याच पेशी ते करून दाखवतात. ईजीएफआर, हर२ ही जी प्रथिने या कर्करोगावर सापडतात, ती थोड्या प्रमाणात त्वचा, फुप्फुस, आतडे आणि खुद्द निरोगी पित्तनलिका यांवरही असतात. रॉटरडॅममध्ये मूत्रपिंडाच्या कर्करोगावर दिलेल्या अशाच पेशींनी रुग्णांच्या यकृताला इजा केल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि शोध घेतल्यावर आढळले की त्यांनी ज्या प्रथिनावर नेम धरला होता, ते पित्तनलिकेच्या अस्तरावरही होते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका घटनेत हर२ ओळखणाऱ्या पेशी मोठ्या मात्रेत दिल्यानंतर रुग्णाचा मृत्यू झाला. त्या पेशींनी फुप्फुसातले थोडेसे हर२ ओळखले असावे, असा डॉक्टरांचा निष्कर्ष होता. म्हणून आम्ही प्रत्येक रचना, म्हणजे वेगळा रिसेप्टर बसवलेल्या पेशींचा प्रत्येक प्रकार, कर्कपेशींसोबत आणि निरोगी पित्तनलिकेच्या ऊतीपासून वाढवलेल्या ऑर्गनॉइडसोबतही (अवयवाच्या सूक्ष्म प्रतिकृतीसोबतही) ठेवतो. कर्करोगाच्या बशीत काय मेले याइतकेच, खरे सांगायचे तर त्याहून अधिक, आम्ही निरोगी बशीत काय जिवंत राहिले ते पाहतो. देखणे आकडे देणारी रचना या दुसऱ्या बशीपाशी बाद होते, तेव्हा नवे विद्यार्थी हिरमुसतात. मला मात्र तोच दिवस कामी आलेला वाटतो.

शिवाय ही गाठ दाट, तंतुमय ऊतीने वेढलेली असते आणि आत शिरलेल्या टी पेशी तिथे लवकर थकतात. त्यामुळे माणसांवरचे निकाल बेताचे आहेत. चीनमध्ये ईजीएफआरवर नेम धरणाऱ्या पेशींच्या चाचणीत (२०१८) मूल्यमापन झालेल्या १७ रुग्णांपैकी एकाची गाठ पूर्ण नाहीशी झाली, तर दहा जणांचा आजार काही काळ स्थिर राहिला. मला अधिक आशा वाटते ती वेगळ्या वाटेची. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत एका ४३ वर्षांच्या स्त्रीच्या गाठीतल्याच टी पेशींपैकी तिच्या कर्करोगातील एक विशिष्ट उत्परिवर्तन (जनुकातला बदल) ओळखणाऱ्या पेशी निवडून, वाढवून तिला परत दिल्या आणि गाठी आकसल्या. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते उत्परिवर्तन निरोगी पेशींत नसतेच, त्यामुळे चुकीच्या जागी मार बसण्याची भीती कमी. मात्र प्रत्येक रुग्णासाठी हा शोध नव्याने घ्यावा लागतो.

आता काकांविषयी. अशा पेशींच्या माणसांवरील पहिल्या टप्प्यातील चाचणीचा मुख्य हेतू सुरक्षित मात्रा शोधणे हा असतो. बरे करण्याचे वचन त्यात नसते. पेशी तयार होईपर्यंत काही आठवडे जातात, त्या देण्याआधी केमो द्यावी लागते, आणि कावीळ उतरलेली नसेल तर बहुधा प्रवेशच मिळत नाही. म्हणून आधी काकांच्या डॉक्टरांना विचारा की बायोप्सीच्या नमुन्याची जनुकीय तपासणी झाली आहे का. यकृताच्या आतल्या नलिकांपासून सुरू झालेल्या कर्करोगात एफजीएफआर२ किंवा आयडीएच१ या जनुकांत बदल सापडला, तर त्यावर गोळ्यांच्या रूपात औषधे आहेत. अहवाल असल्यास तो मला पाठवा; त्यावरून कोणत्या चाचणीत विचारणा करणे योग्य ठरेल, तेही मला सांगता येईल.

कळावे, लोभ असावा.

तुमची मुलगी